यादीत थांबलेली माणसं : महासाथ आणि अवयवाची प्रतीक्षा



आज आपण एका तारखेपासून सुरुवात करू या. ४ फेब्रुवारी. वर्षं मात्र दोन आहेत : १८९७ आणि १९९५.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. मुंबईत आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपासून प्लेग होता. माणसं गाठोडी बांधून कोकणात, देशावर, गुजरातेत निघाली होती आणि सरकारला ही पळापळ आवरायची होती. रेल्वेच्या प्रवाशांना तपासायचं, संशयित रुग्णांना वेगळं ठेवायचं, असे अधिकार या जेमतेम चार कलमांच्या कायद्यानं दिले. पुण्यात पुढे त्या अधिकारांचं काय झालं, ते आपण सगळे शाळेत शिकलोय.

४ फेब्रुवारी १९९५ ला मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा लागू झाला. संसदेनं तो १९९४ मध्ये केला होता. पण आरोग्य हा राज्यांचा विषय. म्हणून ज्या राज्यांनी संसदेला तसा ठराव करून सांगितलं होतं, तिथे तो आधी आला : महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश. सोबत केंद्रशासित प्रदेश. म्हणजे या कायद्याच्या जन्माशी आपल्या दोन्ही राज्यांचा थेट संबंध आहे.

तारीख जुळली हा निव्वळ योगायोग. त्यात आम्हाला काही गूढ दिसत नाही. पण या दोन कायद्यांचा स्वभाव बघा. साथीचा कायदा सांगतो : आहात तिथे थांबा, एकमेकांपासून लांब राहा. अवयवाच्या कायद्यानं जे शक्य केलं, त्याचा सगळा जीव घाईत आहे. दात्याच्या शरीरातून काढलेलं हृदय चार ते सहा तासांत दुसऱ्याच्या छातीत धडधडायला लागावं लागतं. यकृताला साधारण बारा तास. किडनी जरा सोशिक, ती एक-दीड दिवस टिकते. एक कायदा रस्ते बंद करतो, दुसऱ्याला रस्ता मोकळा लागतो.

१३ मार्च २०२० ला महाराष्ट्र सरकारनं कोविडसाठी साथरोग कायदा लागू केला. दुसरा कायदा २५ वर्षं इथे होताच. या दोघांच्या मध्ये जी माणसं सापडली, त्यांच्याबद्दल आज बोलायचंय.

आधी एक साधा प्रश्न. अवयवाची वाट पाहणं म्हणजे नक्की काय? आपण रेल्वेच्या वेटिंग लिस्टवर असतो तेव्हा घरी बसून वाट बघतो. नाव वर सरकलं तर ठीक, नाही तर दुसरी गाडी. इथे तसं नसतं. समजा, बदलापूरला राहणारा तिशीतला एक माणूस आहे. हा माणूस आम्ही कल्पनेतला घेतलाय, त्याच्या भोवतालचं मात्र खरं आहे. दोन्ही किडन्या निकामी. आई द्यायला तयार होती, पण तिला मधुमेह, म्हणून डॉक्टरांनी नको सांगितलं. मग मृत दात्याकडून किडनी मिळावी म्हणून यादीत नाव घातलं. तोवर डायलिसिस. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, दर वेळी चार तास. दोन डायलिसिसच्या मध्ये प्यायचं पाणीसुद्धा मोजून. एक पाळी चुकली तर अंगात पाणी साठतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं, दम लागतो. दोन-तीन चुकल्या तर हृदय बंद पडू शकतं.

म्हणजे बघा, तो 'थांबलाय' असं आपण म्हणतो. पण त्याला नुसतं थांबवून ठेवायलाही केवढी माणसं कामाला लागलेली असतात. लोकल चालवणारा मोटरमन, डायलिसिसचं मशीन लावणारा तंत्रज्ञ, पाणी शुद्ध करणारी यंत्रणा, औषधाचं दुकान, सोबत येणारी बायको किंवा भाऊ. ही प्रतीक्षा रोज कुणीतरी चालवावी लागते. आजच्या सगळ्या बोलण्याचा गाभा हाच आहे. महासाथीनं प्रत्यारोपणं थांबवली हे तर झालंच, पण त्याआधी तिनं वाट पाहण्याची व्यवस्थाच मोडली.

ही व्यवस्था उभी कशी राहिली? थोडं मागे जाऊ या.

दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात असताना विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टरनं लाकडी पिंप, सॉसेजसाठी वापरायचं पातळ आवरण आणि हाताला मिळेल ते सामान जमवून कृत्रिम किडनी तयार केली. १९४३ मध्ये ती वापरायला सुरुवात झाली. पहिले जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये एक बाई वाचली. पुढे २३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्या जुळ्या भावाला बसवली. तो भाऊ आठ वर्षं जगला. मरे यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. पण जुळा भाऊ किती जणांना असतो? परक्याचा अवयव शरीर नाकारतं. हा अडसर खऱ्या अर्थानं दूर झाला तो सायक्लोस्पोरिन या औषधानं, ज्याला अमेरिकेत १९८३ मध्ये मान्यता मिळाली. हे औषध शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

या प्रवासात एक थांबा फार महत्त्वाचा आहे. १९६० मध्ये सिॲटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी अशी नळी तयार केली, की एकाच माणसाचं डायलिसिस वर्षानुवर्षं करता येईल. लगेच प्रश्न आला. मशीनं मोजकी, रुग्ण पुष्कळ. कुणाला घ्यायचं? मग १९६२ च्या सुमारास सात जणांची एक समिती बसली. एक वकील, एक धर्मगुरू, एक बँकर, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार नेता आणि एक शल्यविशारद. नावं गुप्त. कोण जगणार ते ही मंडळी ठरवायची. वय, लग्न झालंय का, मुलं किती, नोकरी काय, समाजाला उपयोग किती, असं सगळं बघून. 'लाइफ' मासिकात त्यावर लेख आला आणि अमेरिका हादरली. पुढे १९७२ मध्ये तिथे डायलिसिसचा खर्च सरकारनं उचलायचा कायदा झाला.

आज आपल्याकडे जी प्रतीक्षायादी आहे, ती एका अर्थानं त्या समितीला दिलेलं उत्तर आहे. माणसानं माणसाची लायकी ठरवायची नाही. रक्तगट, वय, डायलिसिसवर किती काळ काढला, असे निकष लावायचे, गुण द्यायचे, क्रम लावायचा. मुंबई, पुणे, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या हेच काम करतात.

आपल्याकडचा इतिहास थोडक्यात सांगतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ मध्ये मृत दात्याच्या किडनीचा प्रयत्न झाला होता. तिथेच १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयाचं प्रत्यारोपण केलं, बर्नार्ड यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या अडीच महिन्यांत. रुग्ण काही तासच जगला. १९७१ मध्ये वेल्लोरला जिवंत दात्याची किडनी यशस्वीपणे बसवली गेली. पुढे ऐंशीच्या दशकात गरिबांच्या किडन्यांचा बाजार उभा राहिला, मुंबई-मद्रासची नावं जगभर वाईट कारणांनी गाजली. १९९४ च्या कायद्यानं दोन गोष्टी केल्या : हा बाजार गुन्हा ठरवला आणि मेंदूमृत्यूला मृत्यू म्हणून मान्यता दिली. चार डॉक्टरांचं मंडळ, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी, आणि मग नातेवाइकांची संमती. हृदय चालू असताना हे मान्य झालं, म्हणून तर यादी अस्तित्वात येऊ शकली.

आता पुन्हा मार्च २०२० मध्ये येऊ.

२२ मार्चच्या मध्यरात्रीपासून मुंबईची लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंद झाली. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. देशांतर्गत विमानं थांबली, ती २५ मे पर्यंत. आपला बदलापूरचा माणूस घरात आहे. त्याचं डायलिसिसचं केंद्र दादरला आहे. उद्या पाळी आहे. कसं जायचं?

असे प्रश्न तेव्हा घराघरांत होते. पोलिसांना दाखवायला डॉक्टरांची चिठ्ठी, गाडीवाल्याला द्यायला दुप्पट-तिप्पट पैसे. केंद्रावर पोहोचलं तर तिथे कुणीतरी बाधित निघालेलं, म्हणून केंद्र बंद. दुसरीकडे गेलं तर 'आधी कोविडचा रिपोर्ट आणा'. रिपोर्ट यायला दोन दिवस. किडनी दोन दिवस थांबत नाही.

हे आम्ही अंदाजानं बोलत नाही. देशातल्या १९ मोठ्या रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी मिळून टाळेबंदीच्या पहिल्या तीन आठवड्यांची पाहणी केली होती. २,५१७ डायलिसिसचे रुग्ण. त्यातल्या ७१० जणांची एक किंवा जास्त वेळा डायलिसिसची पाळी चुकली. ६९ जणांना तातडीनं डायलिसिस करावं लागलं. ९ जण गेल्याची खात्री झाली. आणि १०४ जण यायचेच बंद झाले.

या १०४ पाशी आपण जरा थांबू. त्यांच्याबद्दल पाहणीत एवढंच आहे : आले नाहीत. काही गावी गेले असतील, तिथे जवळचं केंद्र मिळालं असेल. काहींना नसेल मिळालं. डायलिसिसवरचा माणूस डायलिसिसला यायचा बंद झाला, याचा अर्थ काय असू शकतो, ते वेगळं सांगायला नको. आणि हे फक्त १९ रुग्णालयांचं, फक्त तीन आठवड्यांचं चित्र.

आता दुसरी बाजू. प्रत्यारोपणं का थांबली? चार कारणं सांगता येतील.

पहिलं, दाते कमी झाले. मेंदूमृत दात्यांमध्ये रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार लागलेले पुष्कळ असतात. रस्ते ओस पडले, अपघात घटले. ही चांगलीच गोष्ट झाली. पण एकाचं दुःख हे दुसऱ्याच्या आशेचं मूळ असतं, हे या क्षेत्राचं जुनं कटू सत्य आहे, ते त्या दिवसांत उघडं पडलं.

दुसरं, अतिदक्षता विभाग. मेंदूमृत दात्याचे अवयव चालू ठेवायला व्हेंटिलेटर लागतो, प्रत्यारोपणानंतर रुग्णालाही लागतो. त्याच खाटा, तीच माणसं कोविडकडे वळवली होती.

तिसरं, दात्याची चाचणी. दात्याला कोविड असेल तर? सुरुवातीला चाचणीचा निकाल यायला वेळ लागायचा आणि तेवढा वेळ अवयवाकडे नसायचा. शिवाय रुग्णालयात कुणाला भेटू देत नव्हते. आपल्या माणसाला शेवटचं नीट न बघितलेल्या कुटुंबाशी अवयवदानाचं बोलायचं कसं, तेही मास्क लावून, लांब उभं राहून? समन्वयकांचं काम मुळातच नाजूक, ते जवळजवळ अशक्य झालं.

चौथं कारण सगळ्यात अवघड. डॉक्टरांनाच कळत नव्हतं की प्रत्यारोपण करणं हिताचं आहे की न करणं. मघाशी सांगितलेलं सायक्लोस्पोरिन आठवा. आज त्याच्या जागी बहुधा टॅक्रोलिमस वगैरे औषधं असतात, पण तत्त्व तेच : प्रतिकारशक्ती दाबायची. बाहेर एक नवा विषाणू फिरतोय, आणि आपण या माणसाची प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली आणायची? दुसरीकडे, नाही केलं तर तो आठवड्यातून तीनदा रुग्णालयात, गर्दीत येणार. दोन्हीकडे धोका. हा पेच अगदी नवा होता असंही नाही. २००३ मध्ये टोरोंटोत सार्सची साथ आली तेव्हा एक यकृत-प्रत्यारोपित रुग्ण त्यात दगावला होता. पण तेव्हा साथ काही शहरांपुरती होती.

यातून एक विचित्र गोष्ट घडली. २२ देशांची आकडेवारी एकत्र करून २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २०२० मध्ये त्या देशांत एकूण प्रत्यारोपणं साधारण १६ टक्क्यांनी घटली. पण सगळ्या अवयवांची सारखी नाही. किडनीची १९ टक्क्यांनी, फुप्फुसांची १५ टक्क्यांहून थोडी जास्त, यकृताची जवळपास ११, हृदयाची फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. असं का? हृदय आणि यकृत बंद पडलं तर बहुतेकांना दुसरा इलाज नसतो, म्हणून ती प्रत्यारोपणं डॉक्टरांनी जिवावर उदार होऊन केली. किडनीला मात्र मशीन आहे. 'तुमचं डायलिसिस चालू आहे ना, मग थांबा थोडं.' म्हणजे कोल्फनं ज्या यंत्रानं माणसाला वेळ मिळवून दिला, तेच यंत्र आता त्याला मागे ठेवायचं कारण झालं. आणि ते यंत्र तरी नीट मिळत होतं का, ते आपण आत्ताच पाहिलं.

त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. न झालेल्या प्रत्यारोपणांमुळे त्या देशांतल्या रुग्णांची मिळून ४८,२३९ वर्षं हुकली, असा अंदाज. वर्षं म्हणजे जगायची वर्षं.

भारतात काय झालं? २०१९ मध्ये देशात १२,६६६ प्रत्यारोपणं झाली होती. २०२० मध्ये ७,४४३. मृत दाते ७१५ वरून ३५१ वर आले. आपल्याकडची घट त्या २२ देशांच्या सरासरीपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि त्यालाही कारण आहे. आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणं जिवंत दात्यांकडून होतात. आई, बायको, बहीण. हो, देणाऱ्यांत बायकाच जास्त. या शस्त्रक्रिया तारीख ठरवून होतात, म्हणून 'पुढे ढकलता येण्यासारख्या' म्हणून त्या आधी थांबल्या. धडधाकट बाईला साथीच्या दिवसांत रुग्णालयात आणून टेबलावर घ्यायचं का, हा प्रश्न खराच होता. पण कागदावर 'पुढे ढकलली' असं लिहिलेल्या शस्त्रक्रियेचा रुग्ण पुढच्या तारखेपर्यंत आहे की नाही, याची नोंद वेगळी कुणी ठेवत नव्हतं.

याच काळात यादीत नवी माणसंही आली. जून २०२० मध्ये शिकागोत डॉ. अंकित भरत यांनी कोविडनं फुप्फुसं पूर्ण निकामी झालेल्या एका तरुणीला दोन्ही फुप्फुसं बसवली. पुढे भारतातही अशी प्रत्यारोपणं झाली. म्हणजे साथीनं एका हातानं यादी अडवली आणि दुसऱ्या हातानं लांबवली.

मग लस आली. इथे एक सरकारी कागद बघण्यासारखा आहे. १ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरच्यांना आणि ४५ ते ५९ मधल्या व्याधीग्रस्तांना लस सुरू झाली. कुठल्या व्याधी, त्याची २० नोंदींची यादी होती. त्यात किडनी किंवा यकृताचं प्रत्यारोपण झालेले आणि प्रतीक्षायादीवर असलेले, दोघांचाही स्पष्ट उल्लेख होता. इतिहासाच्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट आहे. वाट पाहणारा माणूस हा वेगळा, जपायला हवा असा माणूस आहे, हे राज्यसंस्थेनं लिहून मान्य केलं. पण आपला बदलापूरचा माणूस तिशीतला. तो त्या यादीत होता आणि वयात नव्हता. त्याची पाळी १ मे ला आली, १८ वर्षांवरच्या सगळ्यांबरोबर. मधले दोन महिने म्हणजे दुसऱ्या लाटेचे महिने.

आणि ज्यांना अवयव मिळाला होता, त्यांचंही पुरतं निभावलं नाही. प्रतिकारशक्ती दाबलेल्या शरीरात लस जेमतेम रुजते. अमेरिकेतल्या एका अभ्यासात दोन डोसांनंतरही प्रत्यारोपित रुग्णांपैकी ५४ टक्क्यांतच प्रतिपिंडं सापडली. बाकीच्यांना घरच्यांनी लस घेण्याचाच आधार.

आता आम्हाला जे सांगायचंय त्याकडे येतो.

साथीचे मृत्यू कसे मोजतात? प्लेगच्या काळात नगरपालिकेच्या नोंदवहीत कारण लिहिलं जायचं, तेव्हाही बरेच मृत्यू दुसऱ्या नावाखाली जायचे. २०२० मध्ये रोज संध्याकाळी आकडा यायचा : इतके बाधित, इतके मृत. डायलिसिस चुकून गेलेला माणूस त्या आकड्यात नव्हता. त्याच्या दाखल्यावर कारण किडनीचं. जागतिक आरोग्य संघटनेनं नंतर २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतल्या जगभरच्या अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज १ कोटी ४९ लाख दिला. नेहमीच्या वर्षात जितके गेले असते, त्याहून जास्त किती गेले, असा हा हिशोब. त्यात कोविडनं गेलेले आहेत आणि कोविडमुळे दुसरा इलाज न मिळून गेलेलेही आहेत. आपली १०४ माणसं, त्यातली जी गेली असतील ती, असलीच तर इथे आहेत. नावाशिवाय, कारणाशिवाय, एका वजाबाकीत.

व्यवस्था सावरली, हेही सांगायला हवं. २०२२ मध्ये देशात १६,०४१ प्रत्यारोपणं झाली, २०२३ मध्ये १८,३७८. मृत दाते पहिल्यांदाच हजाराच्या वर गेले. चांगलंच आहे. पण आलेख वर गेला म्हणून त्या खड्ड्यातली माणसं वर येत नाहीत. २०२० मध्ये पाचेक हजार प्रत्यारोपणं कमी झाली, ती २०२३ मध्ये झाली ती दुसऱ्याच माणसांवर.

सिॲटलच्या समितीत निदान सात माणसं एका खोलीत बसून निवड करत होती. त्यांना आपण दोष देऊ शकलो. २०२० मध्ये निवड कुणी केली? कुणीच नाही, असं वाटतं. पण लोकल बंद करणं, खाटा वळवणं, 'पुढे ढकलता येईल' हा शिक्का मारणं, वयाची अट घालणं, या सगळ्या निवडीच होत्या. त्यातल्या काही टाळता आल्या नसत्या. तरीही त्या निवडी होत्या आणि त्यांची किंमत ठरावीक माणसांनी मोजली.

म्हणून पुढच्या साथीसाठी तीन साध्या गोष्टी. डायलिसिसला जाणारा माणूस आणि त्याच्यासोबतचा एक जण, यांच्या जाण्या-येण्याची सोय पहिल्या दिवसाच्या आदेशातच हवी, तिसऱ्या आठवड्यातल्या दुरुस्तीत नको. प्रत्येक विभागात निदान एक रुग्णालय साथीपासून वेगळं ठेवून प्रत्यारोपणासाठी चालू राहायला हवं. आणि यादीतून जे नाव गळतं, ते का गळलं याची नोंद व्हायला हवी. अवयव मिळाला म्हणून, की माणूसच राहिला नाही म्हणून.

यादीत नाव घालताना आपण त्या माणसाला एक वचन देतो : तुझी पाळी येईपर्यंत तुला सांभाळू. १८९७ चा कायदा 'थांबा' म्हणू शकतो, तो त्याचा अधिकारच आहे. पण ज्याला थांबवलं, त्याला सांभाळायचं कुणी, याचं उत्तर त्या कायद्यात नाही. ते आपल्याला द्यावं लागेल.